जनाची, मनाची आणि कायद्याची

(मंडळाच्या वर्धापनदिनी सभासद भगिनींपुढे केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या दिवशी मारामारीवर बोलू नये, एवढे मला कळते. पाहुण्या बाईने आरोग्यावर बोलावे, फार तर संस्कारांवर बोलावे, आणि चहा घेऊन घरी जावे अशी रीत आहे. परंतु गेले काही महिने एक प्रश्न माझ्या डोक्यात ठाण मांडून बसला आहे. आणि तो ज्यांच्यापुढे मांडावा अशा इतक्या जणी मला एके ठिकाणी पुन्हा कधी भेटणार? तेव्हा आजच्या गोडाच्या ताटात मी थोडी कारल्याची भाजी वाढते आहे. ती आपण गोड मानून घ्यावी.

प्रश्न असा. माणूस माणसाला मारीत नाही, तो कशामुळे? कायद्याच्या धाकाने, की आणखी कशाने? उद्या सरकारनेच दवंडी पिटली की आज रात्रीपुरते कोणी काहीही करा, पोलीस येणार नाहीत, खटला भरला जाणार नाही, तर आपल्या आळीत काय होईल?

असली दवंडी कोणते सरकार पिटते, असे तुम्ही विचाराल. अमेरिकेत ती पिटली गेली आहे, अर्थात पडद्यावर. जेम्स डीमोनॅको नावाच्या लेखक-दिग्दर्शकाचा 'द पर्ज' हा चित्रपट २०१३ साली निघाला. माझ्या नातवंडांच्या पिढीने तो केव्हाच पाहून टाकला आहे. मी जरा उशिराने आणि पुष्कळदा डोळ्यांवर पदर घेऊन पाहिला. 'पर्ज' म्हणजे सरळ मराठीत रेच. आमच्या लहानपणी महिन्या-दीड महिन्याने रविवारी सकाळी साऱ्या पोरांना रांगेने बसवून एरंडेल पाजीत, म्हणजे पोट साफ होऊन पोरे पुढचा महिना बरी राहतात अशी समजूत होती. या चित्रपटातले सरकार तसा रेच साऱ्या देशाला देते, वर्षातून एकदा. साल दाखवले आहे २०२२. (चित्रपट आला तेव्हा ते पुढे होते. आता मागे पडले आणि तशी रात्र काही उजाडली नाही, हे एक बरे झाले.) २१ मार्चच्या संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातपर्यंत, खून धरून, सारे गुन्हे माफ होतात. पोलीस नाहीत, आगीचे बंब नाहीत, रुग्णवाहिकाही नाही. उरलेले वर्षभर मात्र देशात गुन्हे नावाला, बेकारी शंभरात एकाची, सारीकडे सुबत्ता. सरकारचे सांगणे असे की माणसाच्या पोटात विष साठतेच. ते एका रात्री ओकून टाकले की बाकीचे वर्ष तो गायीसारखा वागतो.

चित्रपटातला गृहस्थ घरांना पोलादी दारे-खिडक्या आणि पहाऱ्याची यंत्रे विकणारा आहे. साऱ्या वसाहतीने ती त्याच्याकडूनच घेतली आहेत आणि त्या पैशातून त्याने आपले घर वाढवले आहे. दुपारी शेजारीण घरी केलेली बिस्किटे घेऊन येते; गोड बोलते. रात्री भोंगा वाजतो, दारे बंद होतात. रस्त्यावर एक जखमी अनोळखी माणूस 'वाचवा' म्हणून ओरडत असतो. आईबाप पडद्यावर बघत उभे आहेत. घरातला मुलगा मात्र पुढे होऊन दार उघडतो. थोड्या वेळाने सुशिक्षित, नीटनेटक्या कपड्यांतली, मुखवटे चढवलेली तरुण मंडळी दाराशी येतात आणि अतिशय सभ्य भाषेत सांगतात की तो माणूस आमची शिकार आहे. तो द्या, नाहीतर आम्ही आत येऊ. तो आधी त्याला देऊन टाकायला निघतो, बांधतोही. मग त्याच्याने ते होत नाही. पुढचे मी सारे सांगत नाही. घरधनी मारला जातो. अखेर शेजारी धावून येतात आणि त्या टोळीला मारतात. आपल्याला वाटते, सुटलो! तर ते म्हणतात, यांना आम्ही वाचवले ते आमच्या हातून मरावेत म्हणून. आमच्या पैशांवर तुम्ही घर वाढवलेत ना! बिस्किटे आणणारी शेजारीण त्यांतच असते. शेवटी तो अनोळखी माणूसच या कुटुंबाला वाचवतो. आता शेजाऱ्यांना मारायची संधी घरच्या बाईला मिळते. ती मारीत नाही, मारू देत नाही. सकाळचा भोंगा होईपर्यंत सारे एका टेबलाभोवती बसून राहतात.

हे पाहून प्रथम वाटते की सांगणाऱ्याला एवढेच सांगायचे आहे : कायद्याचे झाकण काढा, की आतला पशू बाहेर. इंग्लंडचा हॉब्स हेच सांगून गेला. त्याचा ग्रंथ १६५१ चा. आपल्याकडे तर याला नावच आहे, मत्स्यन्याय. मोठा मासा धाकट्याला गिळतो. शांतिपर्वात भीष्म शरपंजरी पडल्या पडल्या धर्मराजाला राजनीती सांगतात, तेव्हा राजाच्या गैरहजेरीत लोकांचे असे झाले, म्हणून मनूला राजा केले, अशी कथा येते. तथापि त्याच पर्वात थोडे आधी भीष्मच सांगतात की अगदी आरंभी राज्य नव्हते, राजा नव्हता, दंड नव्हता. लोक धर्मानेच एकमेकांचे रक्षण करीत. मग मोह आला, लोभ आला आणि ती घडी विस्कटली. व्यासांनी दोन्ही गोष्टी एकाच म्हाताऱ्याच्या तोंडी घातल्या आहेत. यातले खरे कोणते, असा निकाल त्यांनी दिलेला नाही.

आपली भाषाही शहाणी आहे. कोणी ताळतंत्र सोडला तर आपण काय म्हणतो? "अरे, जनाची नाही तर मनाची तरी बाळग!" म्हणजे माणसाला आवरणाऱ्या दोन लाजा आपल्या आयाबायांना ठाऊक होत्या. कायद्याची लाज त्यांत नाही. कदाचित कायदा तेव्हा त्यांच्या दारापर्यंत येतच नव्हता म्हणून. आता तिसरा धरून आपण पाहू, की कोण कुणाला कितपत आवरते.

या चित्रपटाचे पुढे आणखी भाग निघाले. त्यांतला २०१८ चा, 'द फर्स्ट पर्ज' नावाचा, मला फार विचार करण्याजोगा वाटला. त्यात ही प्रथा सुरू कशी झाली ते दाखवले आहे. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर सरकार पहिला प्रयोग करते. वस्ती बरीचशी गरिबांची. त्या रात्री बेटावर राहील त्याला पाच हजार डॉलर. भाग घेईल त्याला आणखी. रात्र सुरू होते, सरकारी मंडळी पडद्यांसमोर श्वास रोखून बसतात, आणि होते काय? थोडी लुटालूट होते. एक-दोघे माथेफिरू सुऱ्या घेऊन फिरतात. बाकीचे बहुतेक लोक रस्त्यावर गाणी लावून नाचतात! मग सरकार काय करते? भाडोत्री मारेकऱ्यांना मुखवटे घालून बेटावर पाठवते आणि जगाला सांगते, पाहा, माणसे एकमेकांना कशी मारताहेत. प्रयोग रचणारी मानसशास्त्राची विदुषी ही लबाडी ओळखते, आणि तिलाच संपवले जाते.

म्हणजे ज्याने आधी झाकण काढले की पशू बाहेर येतो असे दाखवले, त्याच कथाकाराने पुढे दाखवले की पशू आपण होऊन पुरेसा बाहेर येत नव्हता. त्याला पगारावर आणावा लागला. रेच देण्याचे मूळ कारण पोटातले विष नव्हतेच. सरकारला गरीब माणसे कमी करायची होती. आणि हे पहिल्या चित्रपटातही आहे, पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाही एवढेच. मरतो कोण? ज्याला पोलादी दार विकत घेता येत नाही तो.

रेच देऊन राग उतरतो हे तरी खरे आहे का? तेही नाही. ब्रॅड बुशमन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने २००२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या निबंधांवर मुद्दाम अपमानकारक शेरे मारून त्यांना चिडवले. मग काहींना, शेरा मारणाऱ्याचा चेहरा मनात आणून पोत्यावर ठोसे मारायला सांगितले. काहींना नुसते गप्प बसवले. ठोसे मारणाऱ्यांचा राग उतरला असेल असे आपल्याला वाटते. तर तेच अधिक चिडलेले निघाले, आणि गप्प बसलेले त्यांच्या मानाने निवळले. तेव्हा "एकदाचा मारून मोकळा झाला म्हणजे शांत होतो तो" असे कोणी कोणाच्या नवऱ्याबद्दल सांगू लागले, तर हे ध्यानात असू द्यावे.

पण चित्रपट हा चित्रपट. खरोखर कधी पोलीस नाहीसे झाले आहेत काय? झाले आहेत. कॅनडातल्या माँट्रियल शहरात ७ ऑक्टोबर १९६९ रोजी पगाराच्या भांडणावरून पोलिसांनी काम थांबवले. सुमारे सोळा तास बारा लाखांवर वस्तीचे शहर मोकळे होते. बँकांवर दरोडे पडले, मोठ्या रस्त्यांवरची दुकाने फुटली, आगी लागल्या, एका मोटार कंपनीच्या गाडीतळावर टॅक्सीवाल्यांनी चाल केली आणि तिथे प्रांतिक पोलिसांतला एक अंमलदार गोळी लागून मेला. उपनगरात एका डॉक्टराने घरफोड्याला गोळी घातली. शंभराहून अधिक माणसे पकडली गेली. पुढे नावाजलेला स्टीव्हन पिंकर हा लेखक तेव्हा त्या शहरात शाळकरी मुलगा होता. सरकारावाचून माणसे गुण्यागोविंदाने राहतील असे त्याला वाटत असे; त्या दिवसानंतर तसे वाटेनासे झाले, असे त्याने लिहून ठेवले आहे. त्याचे मला पटते. जे लोक म्हणतात की संस्कार चांगले असले म्हणजे पोलिसांची गरज काय, त्यांनी त्या दिवशी तिथे दुकान मांडून पाहायला हवे होते. परंतु मला दुसरेही दिसते. काचा फुटल्या त्या हमरस्त्यावर, अंधारात, गर्दीत. शेजारी शेजाऱ्याच्या घरात सुरी घेऊन शिरला नाही.

डेन्मार्कमधली हकीकत याहून बोलकी आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी तो देश व्यापला होता. १९ सप्टेंबर १९४४ रोजी त्यांनी डॅनिश पोलीस दलच मोडले, हजारोंना धरले, पुष्कळांना छावण्यांत पाठवले. मे १९४५ पर्यंत, म्हणजे सात-आठ महिने, कोपनहेगनसारख्या राजधानीत नावापुरत्या नगररक्षकांखेरीज पोलीस नव्हते. या काळाचा पुढे अभ्यास झाला. वाटमारी आणि चोरी कितीतरी पटींनी वाढली. वाटमारी दहापटीच्या घरात गेली. परंतु अफरातफर, विश्वासघात अशा गुन्ह्यांत तशी वाढ दिसली नाही. का बरे? या गुन्ह्यांत करणारा कोण ते कळून येते. पेढीवरचा कारकून पैसे घेऊन गेला तर तो कोणाचा कोण, हे साऱ्यांना माहीत असते. पोलीस गेले तरी ओळखीचे डोळे गेले नव्हते. जनाची लाज म्हणतात ती ही. चेहरा झाकलेला असला की ती पांगळी होते. त्या चित्रपटातली तरुण मंडळी मुखवटे घालतात, ती उगाच नव्हे.

आणि मनाची? विल्यम गोल्डिंग या इंग्रज लेखकाची १९५४ ची 'लॉर्ड ऑफ द फ्लाइज' ही कादंबरी आपल्यापैकी काहींच्या मुलांना कॉलेजात असेल. निर्जन बेटावर अडकलेली शाळकरी मुले हळूहळू रानटी होतात आणि एकमेकांचा जीव घेतात. गोल्डिंग स्वतः शाळामास्तर होता. मीही मास्तरीण होते, तेव्हा सांगते की सहाव्या तासाला आम्हा लोकांचा मुलांवर फारसा विश्वास उरत नाही. पुढे १९८३ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु कादंबरीनंतर अकराच वर्षांनी, १९६५ साली, प्रशांत महासागरातल्या टोंगा देशात अगदी तशीच गोष्ट खरोखर घडली. शाळेला कंटाळून सहा मुले दुसऱ्याची होडी घेऊन समुद्रात गेली, वादळात सापडली आणि आठ दिवस वाहत वाहत 'अता' नावाच्या ओसाड बेटाला लागली. तिथे ती पंधरा महिन्यांहून अधिक राहिली. सप्टेंबर १९६६ मध्ये पीटर वॉर्नर या ऑस्ट्रेलियन खलाशाने त्यांना शोधून काढले, तेव्हा सहाच्या सहा जिवंत होती. त्यांनी बाग केली होती, विस्तव राखला होता, कामाच्या पाळ्या लावल्या होत्या. एकाचा पाय मोडला तर बाकीच्यांनी काठ्या बांधून तो बसवला होता. आणि भांडण झाले तर? भांडणाऱ्या दोघांनी बेटाच्या दोन टोकांना जायचे आणि राग निवळल्यावर परत यायचे, असे त्यांनी ठरवले होते. पोलीस नव्हते, नियम होता. तो त्यांनी आपला आपण केला आणि पाळला. घरी आल्यावर कायद्याने त्यांचे पहिले स्वागत कसे केले म्हणाल तर होडीच्या मालकाने फिर्याद केली म्हणून सहा जणांना कोठडीत घालून! वॉर्नरने होडीचे पैसे भरले तेव्हा ती सुटली.

इथपर्यंत ऐकून तुम्ही म्हणाल, म्हणजे बाई, जन आहे, मन आहे, मग कायदा थोडा इकडे तिकडे झाला तरी चालेल. तेच तर मला म्हणायचे नाही. आतापर्यंत मी रस्त्याचे बोलत होते. आता घरात येऊ.

घरात मारणाऱ्याचा चेहरा झाकलेला नसतो. तो कोण हे मार खाणारीला ठाऊक असते, सासूला असते, भिंतीपलीकडच्या बिऱ्हाडाला असते. कोपनहेगनचा नियम इथे लागू पडता तर घरातला मार सर्वांत आधी थांबायला हवा होता. तो थांबत नाही; कारण जनाची लाज फक्त त्याच गोष्टीची वाटते जिला जन लाजिरवाणे मानतात. आपल्या सरकारने २०१९ ते २१ या काळात कुटुंब-आरोग्याची पाचवी पाहणी केली. त्यात स्त्री-पुरुषांना सात प्रसंग सांगून विचारले की अशा वेळी नवऱ्याने बायकोला मारले तर ते योग्य का? न सांगता बाहेर गेली, उलटून बोलली, सासूसासऱ्यांचा मान ठेवला नाही, स्वयंपाक नीट केला नाही, असे ते प्रसंग. यांपैकी निदान एका प्रसंगी मारणे योग्य, असे म्हणणारे पुरुष निघाले शंभरात ४४. आणि बायका शंभरात ४५. आकडा पुन्हा सांगते : पुरुष ४४, बायका ४५. मार सोसलेल्यांपैकी कोणाकडे तरी मदत मागायला गेलेल्या मात्र शंभरात चौदाच.

आमटीत मीठ जास्त पडले म्हणून शंभरातल्या काहीजणी आपल्याच पाठीवर वळ मंजूर करतात, तिथे भोंगा वेगळा कशाला वाजायला हवा? त्या चित्रपटात रात्र वर्षातून एकदा येते आणि सकाळी सातला संपते. दार लोटले की सुरू होणाऱ्या रात्रीला तसे वेळापत्रक नसते.

द्रौपदीची गोष्ट आपण वस्त्रहरणाची म्हणून ऐकतो. मला ती सभेची गोष्ट वाटते. तिथे कायदा नव्हता असे नाही. भीष्म होते, द्रोण होते, कायद्याचे सारे जाणकार होते. द्रौपदीने विचारलेला प्रश्नही कायद्याचाच होता : जो स्वतःला आधी हरला, त्याला मला पणाला लावण्याचा अधिकार उरला होता काय? त्यावर भीष्म म्हणाले की धर्माची गती सूक्ष्म आहे, मला याचे उत्तर देता येत नाही. बोलले कोण? विदुर बोलला, आणि कौरवांतलाच धाकटा विकर्ण. बाकीची सभा खाली मान घालून बसली. तिथे जन होते, कायदाही होता. दुःशासनाला मात्र सभेकडून मोकळीक मिळालेली होती.

तेव्हा कायदा लागतो, तो मारणाऱ्याला भिववण्यासाठी तर लागतोच, पण त्याहून अधिक सभेला सांगण्यासाठी लागतो की ही मोकळीक आम्ही काढून घेतली आहे. स्वीडनने १९७९ साली आईबापांनी मुलांना मारू नये असा कायदा केला. असा कायदा करणारा तो जगातला पहिला देश. आता असे साठाहून अधिक देश आहेत. गंमत म्हणजे त्या कलमात शिक्षाच ठेवलेली नव्हती. मग कायदा कशाचा? तर सरकारने मुले असलेल्या घरोघरी पुस्तिका पाठवली, आणि दुधाच्या खोक्यांवर ही माहिती छापली. रोज सकाळी न्याहारीच्या टेबलावर आईबाप आणि मुले दोघांच्या समोर तो मजकूर! एका पिढीत त्या देशातले मुलांना मारण्याचे प्रमाण फार खाली आले. ते आधीपासूनच उतरू लागले होते हे खरे, पण कायद्याने उताराला वाट दिली. दुधाच्या खोक्याची ही युक्ती ज्या कोणाला सुचली त्याने संसार केलेला असणार.

आमच्या लहानपणी आम्ही राहायचो त्या वाड्यात वरच्या मजल्यावर एक बिऱ्हाड होते. तिथे रात्री मारहाण व्हायची. आवाज सुरू झाला की वाड्यातल्या खिडक्या लागत, कोणाचा रेडिओ मोठा होई. तळमजल्यावर एक आजी एकट्या राहात. त्या काय करीत? हातात वाटी घेत, जिना चढत आणि कडी वाजवीत. "माझं विरजण संपलं ग, जरासं देतेस का?" दार उघडावेच लागे. विरजण घेऊन आजी जात नसत. उंबऱ्यावर बसत, पाय दुखतात म्हणत, कोणाच्या मुंजीच्या गोष्टी काढत. अर्धा तास जाई. मारहाणीचा एक शब्द नाही. एकदा त्या गृहस्थाने वैतागून विचारले, "आजी, तुमचं विरजण रोज कसं हो संपतं?" आजी म्हणाल्या, "रोज नाही रे बाबा. तुमच्याकडे आवाज होतो, त्या दिवशी नेमकं संपतं." मार बंद झाला असे मी म्हणणार नाही. कमी झाला, रात्री हात उचलण्याआधी त्याला जिन्याकडे पाहावे लागे. पुढे ते बिऱ्हाड दुसऱ्या गावी गेले. तिथे तळमजल्यावर आजी नव्हती.

२००८ साली 'ब्रेकथ्रू' नावाच्या संस्थेने आपल्या देशात 'बेल बजाओ' म्हणून मोहीम काढली. दूरचित्रवाणीवर तिच्या छोट्या चित्रफिती लागत : शेजारी आरडाओरडा ऐकू येतो, कोणी उठून त्या दाराची घंटा वाजवते आणि काहीतरी किरकोळ निमित्त सांगते. त्या पाहिल्या तेव्हा मला आमच्या आजीच दिसल्या. फरक इतकाच, की आजींच्या वेळी त्यांच्या पाठीशी वाटीखेरीज काही नव्हते. नवऱ्याच्या छळाचा वेगळा गुन्हा आपल्या दंडविधानात आला तोच १९८३ साली. ४९८-अ हे कलम. जुलै २०२४ पासून नव्या न्याय संहितेत ते ८५ आणि ८६ क्रमांकांनी आहे. त्यानंतर २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. नवऱ्याला तुरुंगात धाडायचे की नाही, हा या दुसऱ्या कायद्याचा मुख्य प्रश्न नाही. मारणे थांबवण्याचा हुकूम, घरातून बाहेर काढू नये असा हुकूम, पोटगी, मुलांचा ताबा, या गोष्टी त्यात मागता येतात. पुष्कळ बायकांना हेच हवे असते.

मला त्यातले चौथे कलम फार मोलाचे वाटते, आणि सभांतून त्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. ते मार खाणारीबद्दल नाही, शेजारणीबद्दल आहे. एखाद्या घरात असा हिंसाचार झाला आहे, चालला आहे किंवा होण्याचा संभव आहे असे मानायला ज्या कोणाजवळ कारण असेल, ती व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते. नातेवाईक असावे लागत नाही. आणि सद्‌भावनेने कळवले असेल तर त्याबद्दल दिवाणी किंवा फौजदारी, कोणतीही जबाबदारी त्या व्यक्तीवर येत नाही. "आपण कशाला दुसऱ्याच्या घरात पडा, उद्या आपल्यावरच शेकायचे" हे वाक्य या कलमापुढे टिकत नाही.

मघाशी इथे येताना एका भगिनीने मला विचारले, की कडी वाजवली आणि आत काहीच नसले, नुसता टीव्ही मोठा लावलेला असला, तर फजिती नाही का व्हायची? होईल. विरजण घेऊन परत यावे. दही लावता येते. आणि आत खरोखर हत्यार असेल, दारू असेल, तर एकटीने जिना चढू नये, हेही सांगते. आजींच्या काळी त्यांच्याजवळ फोन नव्हता. आपल्याजवळ आहे. तातडीच्या वेळी ११२ आणि बायकांच्या मदतीसाठी १८१, हे दोन क्रमांक लक्षात ठेवायला सोपे आहेत. चौथ्या कलमाचा अर्थ सोप्या मराठीत आणि हे क्रमांक मी मोठ्या अक्षरांत लिहून आणले आहेत. कागद चिटणीसबाईंकडे दिला आहे. मंडळाच्या फळ्यावर तर तो लावावाच, पण ज्यांच्या ज्यांच्या इमारतीत पाण्याच्या वेळांची पाटी आहे त्यांनी एकेक प्रत नेऊन त्या पाटीशेजारी चिकटवावी, अशी माझी विनंती आहे.